लख्ख उजेडाचा हट्ट

घरात संध्याकाळी छताजवळची ट्यूब बंद करून कोपऱ्यात एखादा पिवळसर दिवा लावला, की आल्यागेल्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “लाईट गेलेत का?” त्यामागून येणारा प्रश्न जास्त बोचरा: “घर आहे की हॉटेल?” या दोन प्रश्नांच्या पाठीशी एक पुरता विचार उभा आहे. घरात उजेड भरपूर हवा, पांढरा हवा आणि तो छतावरून खोलीभर सारखा पसरायला हवा; बाकी सगळे पैसेवाल्यांचे चोचले, असा तो विचार. सुजाण, काटकसरी, मुलांच्या अभ्यासाची आणि म्हाताऱ्यांच्या डोळ्यांची काळजी वाहणाऱ्या माणसांच्या तोंडून मी तो ऐकला आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे. माझे म्हणणे असे की दिवस मावळल्यावर घरात उबदार रंगाचा, माणसाच्या उंचीवरचा, कामाच्या जागी भरपूर आणि इतरत्र सौम्य असा प्रकाश असणे ही चैन नाही. दोन खोल्यांच्या घरालाही तो मिळाला पाहिजे, तो स्वस्तात मिळतो, आणि त्याच्याविरुद्ध सांगितली जाणारी कारणे तपासायला घेतली की एकेक करून गळून पडतात.

यातल्या एका कारणापुढे मात्र मी आधी मान तुकवते. रॉकेलच्या चिमणीवर ज्यांनी दहावी केली, कंदिलाची काच पुसता पुसता ज्यांच्या बोटांना काजळी लागली, आणि पुढे 2005 नंतरच्या वर्षांत खेड्यापाड्यांतले बारा-बारा तासांचे भारनियमन ज्यांनी सोसले, त्यांना पिवळा उजेड म्हणजे अभाव वाटतो. घरात पांढरी ट्यूब लागली तो त्यांच्या दृष्टीने दिवस पालटल्याचा दिवस होता. अशा माणसाला ‘तुम्हाला अभिरुची नाही’ असे सांगणे हा उद्धटपणा आहे. चिमणीचे गोडवेही मला गायचे नाहीत. तिच्या धुराने बायकांना खोकला जडला, तिच्यामुळे पदर पेटले, झोपड्या जळाल्या. पण त्या उजेडात कमी काय होते, हे तर विचारायला हवे. वहीपर्यंत पोहोचणारा प्रकाश कमी होता. रंगाचा त्यात काही दोष नव्हता. आज मिळणारा 9 वॉटचा पिवळसर एलईडी बल्ब चिमणीच्या कितीतरी पट उजेड देतो, आणि त्याला ना धूर ना भडका. अभावाची आठवण रंगाला चिकटून राहिली आहे. ती समजून घेता येते, पण तिच्यावरून आज घरातले दिवे ठरवायचे कारण नाही.

आता काटकसरीचे घेऊ, कारण सगळ्यांत जास्त वेळा तीच पुढे केली जाते. फ्लुरोसंट ट्यूब 1938 साली अमेरिकेत विक्रीला आली आणि कारखाने, कचेऱ्या अशा ठिकाणी तिचे चांगले बस्तान बसले. खूप माणसांना एकाच वेळी एकाच प्रकारचे काम जागसूदपणे करायचे असते, तिथे ती योग्यच होती. आपल्याकडच्या मध्यमवर्गाने ती बैठकीच्या खोलीत आणली ती बचतीसाठी, आणि हिशेब चोख होता: 40 वॉटची चार फुटी ट्यूब 60 वॉटच्या बल्बच्या तिपटीहून जास्त उजेड देत असे. पिवळा बल्ब लावला की मीटर पळणार, हे तेव्हा अगदी खरे होते. एलईडीने ते कारणच काढून टाकले. निळा एलईडी साध्य करणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. आपल्या घरातला पांढरा एलईडी म्हणजे बहुधा तोच निळा एलईडी आणि त्याच्यावर फॉस्फरचा पिवळसर थर. थराची घडण बदलली की तोच दिवा उबदार प्रकाश देतो. त्यापायी तेवढ्याच वॉटमध्ये उजेड किंचित घटतो, पण बिलात जाणवेल इतका नाही, आणि दुकानात दोन्ही बल्ब बहुधा एकाच किमतीला मिळतात.

तरी समजूत का टिकली? एक कारण मला असे दिसते की स्वस्त एलईडी आपल्याकडे आला तोच पांढऱ्या रंगात. 2015 साली सुरू झालेल्या उजाला योजनेतून देशभर 36 कोटींहून अधिक एलईडी बल्ब गेले. विजेच्या बचतीचे हे फार मोठे काम आहे आणि त्याचे श्रेय मी कमी करणार नाही. पण माझ्या पाहण्यातल्या घरांत त्या योजनेतला प्रत्येक बल्ब थंड पांढऱ्या प्रकाशाचा होता. बचत आणि पांढरा प्रकाश यांची गाठ ट्यूबच्या काळात पडली होती, ती तशीच पुढे आली. साधा हिशेब करा. खोलीत 20 वॉटची एलईडी पट्टी रोज पाच तास चालली तर महिन्याला तीन युनिट जातात. 5 वॉटचे तीन पिवळसर बल्ब तीन जागी ठेवून तेवढाच वेळ चालवले तर सव्वादोन युनिट. काटकसर करायची असेल तर ती दुसऱ्या बाजूला आहे.

पण लख्ख उजेडाचा दावा ज्या ठिकाणी सपशेल खोटा ठरतो ते ठिकाण म्हणजे स्वयंपाकघर, आणि तिथे मला जरा थांबायचे आहे. आपल्या बहुसंख्य घरांत स्वयंपाकघराची ट्यूब दाराच्या वर किंवा मागच्या भिंतीवर असते, कारण वायरिंग करताना पॉइंट तिथे काढणे सोपे असते. ओटा समोरच्या भिंतीला. म्हणजे ओट्याशी उभी राहणारी बाई उजेडाकडे पाठ करून उभी असते आणि तिच्या स्वतःच्या अंगाची सावली नेमकी तिच्या हातांवर, सुरीवर, निवडायच्या तांदळावर पडते. खोलीत शिरणाऱ्याला सगळे लख्ख दिसते. फक्त जिथे बोट कापू शकते, जिथे डाळीतला खडा दिसायला हवा, तेवढीच जागा काळवंडलेली असते. वर्षानुवर्षे बायका थोड्या तिरक्या उभ्या राहून, मान वळवून, पातेले उजेडाकडे कलते करून हे निभावत आल्या आणि कुणालाही ती उजेडाची अडचण वाटली नाही, कारण ट्यूब तर लागलेली होती! ओट्यावरच्या फळीच्या किंवा कपाटाच्या खालच्या अंगाला, पुढच्या कडेशी, एक साधी दोन-तीन फुटांची एलईडी पट्टी लावली की सावली नाहीशी होते. ती लावल्यावर वरची ट्यूब बहुतेक वेळ बंद ठेवता येते. उजेड कमी करा असे मी म्हणतच नाही. तो चुकीच्या जागी खर्च होतो आहे, ही माझी तक्रार आहे.

हे माझ्या मनचे नाही. आपल्या मानक ब्यूरोचे अंतर्गत प्रकाशयोजनेचे मानक, आयएस 3646, घरातल्या प्रत्येक कामाला वेगळा उजेड सांगते: बैठकीच्या खोलीत सर्वसाधारणपणे 50 लक्सच्या आसपास, सहज वाचनाला 150, अभ्यासाच्या मेजावर आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर 300. सगळी खोली एकाच पातळीवर उजळा, असे त्यात कुठेही नाही. आणि हे आकडे गाठायचा सोपा मार्ग दिवा जवळ आणणे हा आहे. दोन मीटरवरचा बल्ब अर्ध्या मीटरवर आणला तर त्या जागी पोहोचणारा उजेड सोळापट होतो. नियम शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे. छतावरून 300 लक्स वहीवर पाडायला खोलीभर उजेड ओतावा लागतो. टेबलावरचा छोटा दिवा तेच काम 5 वॉटमध्ये करतो.

“अहो, पण मुलांचे डोळे बिघडतील ना!” हा आक्षेप आई-बापांचा, आणि तो काळजीतून येतो. मंद उजेडात वाचल्याने डोळे थकतात, चुरचुरतात, कधी डोके दुखते. पण त्यामुळे डोळ्याला कायमची इजा होते असे दिसलेले नाही. मुलांच्या वाढत्या चष्म्याचा ज्या गोष्टीशी संबंध पुन्हा पुन्हा दिसला आहे ती म्हणजे दिवसा बाहेर, मोकळ्या उजेडात घालवलेला वेळ कमी होणे. ढगाळ दिवशीही अंगणात हजारो लक्स असतात. घरातली कोणतीही ट्यूब त्याच्या जवळपास जात नाही. तेव्हा रात्री खोली लख्ख ठेवून मुलाला दिवसभर घरात कोंडणे ही डोळ्यांची काळजी नव्हे. त्याला पाच ते सात मैदानावर पाठवा आणि रात्री वहीवर पडेल असा, बल्ब थेट डोळ्यांत न शिरणारा टेबल लॅम्प द्या.

म्हाताऱ्यांचे वेगळे आहे आणि तिथे माझा विरोधक अर्धा बरोबर आहे. वयाबरोबर बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होते. साठीच्या माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या सुमारे एक तृतीयांश उजेड पोहोचतो. आजोबांना वर्तमानपत्रासाठी जास्त उजेड लागतो, हे खरेच. पण त्याच वयात मोतीबिंदूही उतरू लागतो आणि मोतीबिंदूची मोठी तक्रार असते दिपण्याची. भिंतीवर उघडी लावलेली, नजरेच्या रेषेत येणारी ट्यूब त्या डोळ्यांत धुक्यासारखी पसरते आणि पायरीची कड, दाराचा उंबरठा त्या धुक्यात हरवतो. आजोबांना हवे ते खांद्यामागून वर्तमानपत्रावर पडणाऱ्या झाकलेल्या दिव्याचे, आणि पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर पायाशी जळणाऱ्या एखाद-दोन लहान दिव्यांचे काम. त्यांच्या नावाने उघडी ट्यूब लावणे म्हणजे त्यांची अडचण वाढवणे.

पांढऱ्या उजेडात रंग खरे दिसतात, असेही सांगतात. मग लख्ख ट्यूबलाईटच्या साडीच्या दुकानातून बायका पदर हातात धरून दारापर्यंत का येत? दुकानातला उजेड रंग फसवतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. जुन्या ट्यूब रंग दाखवण्यात साध्या तारेच्या बल्बच्या बऱ्याच मागे होत्या, आणि आजचे स्वस्त एलईडी, पांढरे असोत की पिवळे, लाल रंगाच्या बाबतीत कमी पडतात. म्हणून ताटातले बीट मलूल दिसते आणि माणसांचे चेहरे आजारी. प्रकाशाचा रंग आणि रंग दाखवण्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खोक्यावर ‘सीआरआय’ असे लिहिलेले असेल तर आकडा 90 च्या पुढचा बघून घ्यावा. आणि बल्ब लावून त्याच्याकडे मोबाईलचा कॅमेरा धरावा. पडद्यावर पट्टे सरकताना दिसले तर दिवा लुकलुकतो आहे. 1989 मध्ये ब्रिटनमध्ये अर्नोल्ड विल्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले होते की कचेरीतल्या ट्यूबचे डोळ्याला न दिसणारे लुकलुकणे थांबवल्यावर डोकेदुखीचे आणि डोळे शिणण्याचे प्रमाण निम्म्याहून कमी झाले.

आता झोप. डोळ्याच्या पडद्यात पाहण्यासाठी असलेल्या पेशींखेरीज आणखी एका जातीच्या प्रकाशसंवेदी पेशी असतात, हे 2002 च्या सुमारास स्पष्ट झाले. निळसर प्रकाशाला, साधारण 480 नॅनोमीटर लांबीच्या लहरींना, त्या सर्वांत जास्त दाद देतात आणि मेंदूला दिवस आहे की रात्र ते कळवतात. 2022 मध्ये या विषयातल्या संशोधकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने शिफारस केली: दिवसा डोळ्यापाशी या पेशींच्या मापाने किमान 250 लक्स, झोपेआधीचे निदान तीन तास जास्तीत जास्त 10, आणि झोपेत 1 पेक्षा कमी. आपले घर याच्या नेमके उलट चालते. दुपारी ऊन येते म्हणून पडदे ओढलेले, आणि रात्री साडेदहापर्यंत डोक्यावर निळसर पांढरी ट्यूब. अकराला ती बंद करायची आणि लगेच झोप यावी अशी अपेक्षा करायची! केवळ बल्बचा रंग बदलून मात्र भागत नाही. पिवळा दिवाही खूप प्रखर असेल तर तोच परिणाम करतो. रंग आणि प्रमाण दोन्ही उतरवावे लागतात. आणि हेही सांगते की पांढऱ्या उजेडाशी माझे वैर नाही. मुंबईत एकमेकीला चिकटून उभ्या असलेल्या इमारतींत तळमजल्यावर भरदुपारीही काळोख असतो. तिथे दिवसा पांढरा, प्रखर दिवा जरूर लावावा. तो तिथल्या माणसांना न मिळालेला दिवस आहे. संध्याकाळी तो बंद व्हावा, एवढेच.

“हे सगळे पाश्चात्त्यांचे फॅड” असे म्हणणाऱ्यांनी आपल्या जुन्या घरांकडे एकदा पाहावे. वाड्यात दिवा ठेवायला भिंतीत कोनाडा असे, म्हणजे दिवा बाजूने, माणसाच्या उंचीवर जळे आणि कोनाड्याची भिंतच त्याचा उजेड पुढे टाकी. देवघरातली समई जमिनीवर, बसलेल्या माणसाच्या नजरेच्या खाली. छताच्या मध्यातून खोलीभर पडणारा सपाट पांढरा उजेड हीच आपल्याकडे अलीकडची गोष्ट आहे. आज गावोगावच्या गाभाऱ्यांत ट्यूब लावल्या आहेत आणि काळ्या पाषाणाच्या मूर्तीचा चेहरा त्यात सपाट झाला आहे. नाकाची, ओठांची घडण सावलीमुळे दिसते, ती सावलीच आपण पुसून टाकली. याचे मला खरोखर वाईट वाटते. आणि ज्या घरांनी वर्षानुवर्षे रात्री झिरोचा लाल बल्ब लावला, त्यांना रात्रीचा उजेड वेगळा असतो हे कुणी शिकवायला नको होते.

दुसरीकडे, सजावटीचा धंदा करणाऱ्यांनी या विषयाची जी दशा केली आहे तिचाही मला तितकाच राग आहे, कारण ‘हॉटेल’ हा शेरा त्यांनीच ओढवून घेतला. आरामदायक प्रकाश म्हणजे फॉल्स सीलिंग, त्यात खोचलेले डझन-दीड डझन गोल दिवे आणि कडेने जांभळी-निळी पट्टी, असे समीकरण त्यांनी रुजवले. फ्लॅटची उंची मुळात पावणेतीन मीटरच्या आसपास. त्यात पीओपीचे छत आणखी खाली आणायचे, आणि वर पुन्हा तेच करायचे जे ट्यूब करत होती: सगळा उजेड वरून, डोक्यावर, सपाट. सोफ्यावर पडून वर पाहिले तर प्रत्येक दिवा डोळ्यांत घुसतो. लाखभर रुपये खर्च करून ट्यूबचीच चूक पंधरा तुकड्यांत विकत घेतली, एवढेच झाले. भिंतीकडे तोंड केलेला एक दिवा, कपाटाच्या वर ठेवून छताकडे वळवलेला एक, खुर्चीशेजारी एक: हे भाड्याच्या घरातही, भिंतीला एकही भोक न पाडता, साध्या प्लगवर होते. भिंत पांढरी किंवा फिकी असली की तीच उजेड परत देते.

उरला शेवटचा आक्षेप, आणि तो सर्वांत गंभीर समजला जातो: “हे तीन-चार खोल्यांच्या घरात ठीक. एका खोलीत सहा माणसे राहतात तिथे असली थेरे कुठे करायची?” माझ्या मते याची गरज सर्वांत जास्त तिथेच आहे. त्या खोलीत रात्री दहा वाजता काय काय चाललेले असते? मुलगी बारावीचा अभ्यास करते आहे, आजीला औषध घेऊन झोपायचे आहे, वडील पहाटेच्या पाळीसाठी आडवे झाले आहेत, आई अजून ओट्याशी आहे. ट्यूब एकच, बटण एकच. ती चालू ठेवली तर दोघांची झोप मोडते, बंद केली तर मुलीचा अभ्यास. अशा घरातली भांडणे मी ऐकली आहेत. आणि भांडण नाही झाले तर बहुतेक वेळा मुलगीच वही मिटते किंवा पुस्तक घेऊन जिन्यातल्या दिव्याखाली जाऊन बसते. चिमटा लावून फळीला अडकवायचा तीन-चारशे रुपयांचा दिवा, त्यात 5 वॉटचा पिवळसर बल्ब आणि उजेड बाजूला सांडू नये म्हणून खोल टोपी: एवढ्याने त्या एका खोलीत अभ्यास आणि झोप शेजारी शेजारी होऊ शकतात. मोठ्या घरात माणसाला दुसऱ्या खोलीत जाता येते. लहान घरात भिंतींचे काम उजेडालाच करावे लागते, आणि छतावरची एकटी ट्यूब ते करू शकत नाही.

म्हणून माझी मागणी घर बांधणाऱ्यांकडे आणि वायरमनकडे आहे, आणि ती मोठ्या फ्लॅटइतकीच पुनर्वसनाच्या इमारतींतल्या लहान घरांसाठी आहे. प्रत्येक खोलीत छताचा एक पॉइंट देऊन मोकळे होऊ नका. ओट्यावरच्या फळीखाली एक पॉइंट द्या. झोपण्याच्या जागेशी, आडवे असताना हात पोहोचेल असे एक बटण आणि एक प्लग द्या. दोन भिंतींवर जमिनीपासून पाच फुटांवर एकेक पॉइंट द्या आणि त्यांची बटणे वेगळी ठेवा. घर घेणाऱ्यांनी हे नमुना फ्लॅट पाहताना नव्हे, भिंतींना गिलावा होण्याआधी मागावे. तेव्हा प्रत्येक पॉइंटला थोडी वायर आणि थोडा पाइप लागतो, नंतर भिंत फोडावी लागते. आणि रेशन दुकानापासून सरकारी योजनेपर्यंत जिथे कुठे सवलतीचा बल्ब मिळतो, तिथे घेणाऱ्याला “पांढरा की पिवळा?” असे विचारले गेले पाहिजे.